चौदावा आठवडा, आणि घरात दाणे-काजू-बदामांवरून तीन तट

पाऊसवेडी | १७ जून, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

पहिलंच बाळ, चौदावा आठवडा चालू आहे. राहायला ऐरोलीला, नोकरी ठाण्याला. सकाळी साडेदहा वाजले की ऑफिसात पोटात कावळे ओरडायला लागतात, म्हणून पर्समध्ये एक छोटी डबी ठेवते. मूठभर भाजलेले दाणे, चार-पाच काजू, तेवढेच बदाम. उलट्या थांबल्यापासून आवडीने पोटात जाणारी हीच एक गोष्ट आहे.

तर आता त्या डबीवरून घरात खल चाललाय. आईंचं (सासूबाईंचं) म्हणणं, काजू-बदाम उष्ण, पाचवा लागेपर्यंत हात लावायचा नाही, आणि काजू तर नऊ महिने नाहीच. मोठी नणंद इंग्लंडात असते. तिने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की दाणे खाऊ नकोस, बाळाला ॲलर्जी होते, मला माझ्या वेळी दवाखान्यात तसा छापील कागद दिला होता. तेव्हापासून माझ्या ताटातल्या पोह्यांमधले दाणेसुद्धा वेचून बाजूला ठेवले जातात. आणि माझी स्वतःची आई डोंबिवलीहून रोज फोन करते : दहा भिजवलेले बदाम खाल्लेस का, दोन अक्रोड खाल्लेस का, डिंकाचे लाडू पाठवू का.

डॉक्टरांना विचारलं. "सगळं खा," म्हणाल्या. बाहेर तीस-चाळीस जणी ताटकळत होत्या, पुढे काय विचारणार.

कुणी नीट सांगेल का? अनुभव, अभ्यास, दोन्ही चालेल.

गवतीचहा | १७ जून, रात्री ११.०५

अभिनंदन गं! मी दोन्ही वेळेला दाण्याची चटणी आणि भाकरी यावरच जगले. मुली ठणठणीत आहेत. बाकी जाणकार सांगतीलच. वाचते आहे.

स्पष्टवक्ता | १७ जून, रात्री ११.४०

आमच्या आजीची आठ बाळंतपणं घरात झाली. तिने कुठे धागे काढले नव्हते. हल्ली प्रत्येक घासाला विचारायचं, मग खायचं. दाणे महाराष्ट्रात कोण खात नाही?

गवतीचहा | १७ जून, रात्री ११.५२

स्पष्टवक्ता, आठ झाली, त्यातली जगली किती तेही लिहा. माझ्या आजीची सात झाली, जगली चार. विचारलं म्हणून बिघडलं काय?

थेम्सकाठी | १८ जून, पहाटे ३.१५

पाऊसवेडी, तुझ्या नणंदेला हसू नकोस. तो कागद मलाही मिळाला होता.

मी मूळची नौपाड्याची, लग्नानंतर इकडे आले. मोठा मुलगा २००३ चा. नवऱ्याला दमा. पहिल्याच भेटीत मिडवाइफने विचारलं, घरात कुणाला दमा, इसब, धूळ-परागांचा त्रास? हो म्हटल्यावर शेंगदाणे टाळण्याचा सल्ला मिळाला, गरोदरपणात आणि दूध पाजतानाही. इंग्लंडच्या आरोग्य खात्याने १९९८ मध्ये तसं जाहीर केलं होतं. सरसकट सगळ्यांना नाही बरं का, ज्यांच्या घरात ॲलर्जीचा इतिहास आहे त्यांना, आणि तेही "टाळू शकता" अशा भाषेत. पण गर्भार बाईच्या हातात कागद दिला की "टाळू शकता" याचं "खाल्लं तर विष" व्हायला किती वेळ लागतो? मी वर्षभर साबुदाण्याची खिचडी दाण्याच्या कुटाशिवाय केली. जिने खाल्ली असेल तिलाच कळेल.

धाकटीच्या वेळी, २०११ मध्ये, मी आपणहूनच म्हटलं, दाणे बंद केलेत. मिडवाइफ म्हणाली, का? तो सल्ला २००९ मध्येच मागे घेतलाय. म्हटलं, मला कुणी कळवलं नाही! ती म्हणाली, सल्ला मागे घेतल्याचे कागद वाटत नाहीत.

आता इथे साधं सांगतात : तुम्हाला स्वतःला ॲलर्जी नसेल तर शेंगदाणे आणि बाकीचा सुका मेवा खुशाल खा. अमेरिकेतही तसंच झालं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० मध्ये जोखमीच्या घरांना टाळायला सांगितलं आणि २००८ मध्ये ते बदललं.

नणंदेला विचार, तिचं मूल कोणत्या सालचं.

पाऊसवेडी | १८ जून, सकाळी ८.२०

२००६! गाडीत उभी राहून वाचतेय आणि एकटीच हसतेय. दीघ्याला चढलेल्या बाईने विचारलं, काय झालं गं. म्हणजे वीस वर्षांपूर्वीचा, तिकडे रद्द झालेला कागद आमच्या ऐरोलीच्या पोह्यांतून दाणे वेचतोय.

आकडेमोड | १८ जून, दुपारी १.१०

थेम्सकाठींनी निम्मं काम केलंच आहे. सल्ला का बदलला ते सांगतो. डॉक्टर नाही, आकड्यांचा नाद आहे.

शेंगदाणे टाळायला सांगूनही त्या देशांत मुलांमधली ॲलर्जी कमी व्हायचं नाव घेईना. २००८ मध्ये लंडनच्या एका गटाने ब्रिटनमधली ज्यू मुलं आणि इस्रायलमधली मुलं यांची तुलना केली. वंश जवळपास तोच. ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी १.८५ टक्के, इस्रायलमध्ये ०.१७ टक्के. दहापटीहून जास्त फरक. इस्रायलमध्ये बाळं सहा-आठ महिन्यांची असल्यापासून 'बांबा' नावाचा शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ चोखतात. ब्रिटनमध्ये आया जपून लांब ठेवत होत्या.

मग त्याच गटाने नीट प्रयोग केला. ४ ते ११ महिन्यांची, इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं. निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नेमाने, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत काही नाही. २०१५ मध्ये निकाल आला. टाळणाऱ्यांत १७.२ टक्क्यांना ॲलर्जी, खाणाऱ्यांत ३.२ टक्क्यांना. इतका सरळ निकाल वैद्यकशास्त्रात रोज मिळत नाही.

पण हे बाळाच्या खाण्याबद्दल झालं, आईच्या नाही. आईच्या बाबतीत पुरावा इतका पक्का नाही, कारण गरोदर बायकांना चिठ्ठ्या टाकून "तू खा, तू खाऊ नको" असं करणं अवघड. अमेरिकेत परिचारिकांच्या मोठ्या पाहणीतून ८,२०५ मुलं पाहिली, २०१४ मध्ये छापून आलं. स्वतःला ॲलर्जी नसलेल्या ज्या आया आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा दाणे-मेवा खात होत्या, त्यांच्या मुलांत दाण्या-मेव्याची ॲलर्जी बरीच कमी दिसली. याच्या उलट, २०१० चा एक अमेरिकी अभ्यास आहे. त्यात आधीच दूध-अंड्याचा त्रास असलेल्या बाळांमध्ये, आईने गरोदरपणी दाणे जास्त खाल्ले असतील तर रक्तचाचणीत दाण्यांविरुद्धची प्रतिपिंडं जास्त आढळली. चाचणीत दिसणं आणि खाल्ल्यावर त्रास होणं यांत फरक आहे, पण तो अभ्यास दडवण्यात अर्थ नाही.

दोन्ही बाजू धरूनही "टाळा" म्हणायला आधार उरत नाही, म्हणून सल्ला गेला.

स्पष्टवक्ता | १८ जून, दुपारी १.४५

म्हणजे शेवटी मी म्हटलं तेच.

आकडेमोड | १८ जून, दुपारी १.५०

उत्तर तेच, पायऱ्या लिहिल्या नाहीत म्हणून मार्क कापले.

पित्तप्रकृती | १८ जून, दुपारी ३.३०

"स्वतःला ॲलर्जी नसेल तर" हे सगळे जण पटकन बोलून पुढे जातायत. जरा थांबा तिथे.

मला काजू चालत नाहीत. लहानपणी काजूकतली खाल्ली की ओठ खाजायचे, घरी म्हणायचे नखरे. कॉलेजात असताना एका लग्नात शाही पनीर खाल्लं, ग्रेव्हीत काजूची पेस्ट. वीस मिनिटांत अंगभर गांधी, डोळे सुजून बंद, घसा आवळल्यासारखा. गोखले रोडवरून रिक्षाने दवाखान्यात नेलं, ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं तेव्हा श्वास मोकळा झाला. गरोदरपणात असं झालं तर आईचा रक्तदाब पडतो आणि बाळाचाही प्राणवायू कमी होतो. दोघं एकदम धोक्यात.

मला ॲलर्जीच्या डॉक्टरांनी सांगितलं : काजू बंद, पिस्तेही बंद, कारण ती दोन भावंडं आहेत, एकाचा त्रास असणाऱ्यांना बऱ्याचदा दुसऱ्याचाही असतो. शेंगदाणे आणि बदाम मला चालतात असं तपासून झालं होतं, ते खाल्ले. शेंगदाणा मुळात मेव्यात मोडतच नाही, तो तूर-मुगाच्या घराण्यातला. एकाची ॲलर्जी म्हणून सगळंच सोडू नका आणि एक चालतं म्हणून सगळं चालेल असंही धरू नका.

पाऊसवेडी, तू आधीपासून खातेयस आणि काही झालेलं नाही, तर तुझा प्रश्न हा नाहीच. पण वाचणाऱ्यांत कुणी माझ्यासारखी असेल.

अवांतर : हॉटेलातल्या पांढऱ्या आणि लालसर दाट ग्रेव्हीत नव्वद टक्के काजू किंवा मगज असतो. वेटर "नाही मॅडम" म्हणतो. स्वयंपाक्याला विचारायला लावा.

काजूबोंड | १८ जून, रात्री ९.००

सासूबाई नेमक्या काजूवर का अडल्यात? माहेर कुठलं त्यांचं?

विचारायचं कारण, कोकणात "काजू उष्ण" याला एक अगदी खरा अर्थ आहे. काजूच्या बीच्या दोन सालींच्या मध्ये चीक असतो. काळपट, तेलकट. तो कातडीला लागला की भाजल्यासारखे फोड येतात, आठवडाभर कातडं सोलतं. बिब्बा, आंबा, काजू ही एकाच कुळातली झाडं. बिब्ब्याने कपड्यावर खूण करायचे ती जात नाही, तसंच काजूच्या चिकाचं. आमच्याकडे ओले काजूगर सोलायला बसतात त्या बायका हाताला खोबरेल नाहीतर राख चोळून बसतात, आणि तरी हंगामभर बोटं काळी. माझी आजी म्हणायची, माका इचारशात तर चिकाक घाबरा, गराक नको.

बाजारातला पांढरा काजू बी वाफवून किंवा भाजून, साल फोडून, वरचं तांबडं टरफल काढून आलेला असतो. त्याला चीक लागलेला नसतो. तो उष्ण म्हणजे काय ते मला आजवर कळलेलं नाही. पोटभर खाल्ला तर जड पडेल, एवढंच.

त्यावरून आठवलं : आई डिंकाचे लाडू पाठवणार असेल तर त्यात गोडंबी आहे का विचार. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. नीट साफ केलेली असली तर लोक खातात, पण बिब्ब्याचं तेल राहिलं असेल तर अंग उठतं. मी तरी पोटुशीला देणार नाही. अळिवाचे लाडूही आमच्याकडे बाळंतपणानंतरच.

पाऊसवेडी | १९ जून, रात्री ११.१०

काजूबोंड, तुम्ही ज्योतिष बघता का? आईंचं माहेर राजापूर.

आज जेवताना सहज विचारलं, तुम्हाला काजूचा कधी त्रास झाला होता का. आधी काही बोलल्या नाहीत. मग सगळं निघालं.

१९७९ चा मे महिना. आई माहेरी गेल्या होत्या, सहावा चालू. दुपारी बागेत भावंडं काजूच्या बिया विस्तवावर भाजत होती. भाजून व्हायचा धीर नाही, डोहाळे लागलेले, यांनी एक हिरवी बी उचलली आणि दातांनी फोडली. चीक ओठांवर, हनुवटीवर, थोडा जिभेवर. संध्याकाळपर्यंत तोंड सुजून भोपळा. चार दिवस पेज, तीसुद्धा थंड करून. चुलत आजी घरभर बोलत फिरायची की ही उष्णता आता पोरावर उतरणार. पुढचे तीन महिने आई रोज रात्री पोटावर हात ठेवून जागायच्या.

मुलगी झाली ती छान झाली. पण तिच्या मानेवर मागे, केसांच्या रेषेखाली, तांबडा डाग होता. झालं. सगळ्या गावाने सांगितलं, काजू उतरला. डाग दोन-तीन वर्षांत फिका झाला, पण आईंनी नंतर माझ्या नवऱ्याच्या वेळी काजू घरातच आणू दिले नाहीत.

ती मुलगी म्हणजे माझी इंग्लंडातली नणंद. :-) तिला आज सेहेचाळीस वर्षांनी ग्रुपवर कळलं की ती काजूची शिकार आहे. तिने मानेचा फोटो काढून पाठवायचा प्रयत्न केला, केसच दिसतायत.

वॉर्ड_नंबर_६ | २० जून, सकाळी ७.०५

मी पालिकेच्या प्रसूतिगृहात एकतीस वर्षं सिस्टर होते, आता कोपरखैरण्याला घरी बसून नातू सांभाळते. तो मानेवरचा तांबडा डाग मी हजारो बाळांना पाहिलाय. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, त्याचा आईच्या खाण्याशी काही संबंध नाही. मानेवरचा कधी कधी जन्मभर राहतो, केसांखाली झाकला जातो. सासूबाईंना हे जरूर सांग. एवढी वर्षं मनात धरून बसल्या बिचाऱ्या.

बाकी दोन गोष्टी, कारण त्या कुणी बोलत नाही.

एक, गोळ्या. चौथ्या महिन्यापासून लोह-फॉलिक ॲसिडची गोळी सुरू झाली असेल, सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. कॅल्शियमची वेगळी. या दोन्ही एकदम घ्यायच्या नाहीत, एकमेकींना अडवतात. आणि लोहाच्या गोळीवर बदाम-दाणे, चहा, दूध नको. बदामात आणि दाण्यात फायटेट असतं, ते लोह धरून ठेवतं. गोळी घ्या लिंबूपाण्याबरोबर, बदाम दोन तासांनी खा. "बदाम खाते म्हणून गोळी घेत नाही" म्हणणाऱ्या बायका यायच्या, हिमोग्लोबिन सात. बदाम हे औषध नाही, नाश्ता आहे.

दुसरी, सुपारी. सगळे बदामाला घाबरतात आणि डोहाळजेवणात जेवण झाल्यावर गर्भारणीच्याच हातात विडा देतात. ओटीतली सुपारी ओटीत राहू दे. खायची ती नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखू नसली तरी, कर्करोगकारक ठरवलंय. तिच्यातलं ॲरेकोलिन वार ओलांडून बाळापर्यंत जातं, आणि सुपारी चघळणाऱ्या बायकांची बाळं कमी वजनाची होतात असं बऱ्याच ठिकाणी दिसलंय. बडीशेपेत मिसळलेली गोड सुपारी "मुखवास" म्हणून दिवसभर खाणाऱ्या कितीतरी पाहिल्या मी. मळमळीवर बरं वाटतं म्हणायच्या.

गवतीचहा | २० जून, सकाळी ९.३०

सिस्टर, सुपारीचं खरंच कधी डोक्यात आलं नव्हतं. माझ्या डोहाळजेवणात मीच दोन विडे खाल्ले.

मसालागल्ली | २० जून, दुपारी ४.१५

माझे मिस्टर वाशीच्या एपीएमसीत मसाला मार्केटला, सुक्या मेव्याच्या गाळ्यावर. मी अभ्यासाचं काही बोलणार नाही, मालाचं बोलते.

या दिवसांत, म्हणजे जून ते सप्टेंबर, आपल्याकडे भिंतीला हात लावला तर ओला होतो. दाण्याला ही हवा सगळ्यात वाईट. नवा दाणा दिवाळीच्या आसपास येतो, म्हणजे आता तुम्ही घेताय तो सात-आठ महिने पोत्यात पडलेला. सुरकुतलेला, काळपट, हिरवट-पिवळी भुकटी लागलेला, चावल्यावर कडू लागणारा दाणा दिसला की तो निवडून बाकीचे वापरू नका, पूर्ण पिशवी टाका किंवा परत करा. ती बुरशी दिसते तेवढ्यावरच नसते.

तयार कूट आणू नका. फुटके, किडके, जुने दाणे कुटात कुणाला दिसणार? दाणे आणा, निवडा, भाजा, थोडंच कुटा. ओला चमचा बरणीत गेला की संपलं.

बदाम-अक्रोडाचं दुसरं. त्यांना तेल जास्त, ते खवट होतात. खवटाला रंगाच्या डब्यासारखा वास येतो. फोडलेला अक्रोड उघड्या बरणीत महिनाभर टिकला तरी नशीब. घरी आणला की घट्ट डब्यात घालून फ्रीजमध्ये.

आणि महागाचं म्हणजे चांगलं असं नाही. काजूचे डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० हे आकडे एका पौंडात किती दाणे बसतात त्याचे आहेत. आकडा लहान तर काजू मोठा, दर जास्त. पोटात गेल्यावर तुकडा आणि अख्खा एकच. मामरा बदामाला कॅलिफोर्नियाच्या कितीतरी पट पैसे, गर्भारणीच्या नावाने लोक हौसेने नेतात. परवडत असेल तर न्या. नाहीतर त्या पैशांत चार महिने दाणे आणि अंडी येतात. मिस्टरांनी हे वाचलं तर मला जेवायला देणार नाहीत.

आकडेमोड | २० जून, संध्याकाळी ६.००

मसालागल्लींच्या बुरशीला नाव आहे, ॲस्परजिलस फ्लेव्हस, आणि ती जे विष करते ते अफ्लाटॉक्सिन. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाच्या वर टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेतला तर ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत हे सापडलं. माणसात यकृतावर परिणाम होतो, आणि ते वारेतून बाळापर्यंत जातं हे ठाऊक आहे. भाजल्याने थोडं कमी होतं, पूर्ण जात नाही. म्हणजे "भाजून घेतले की झालं" हे चालणार नाही.

माझ्या मते या धाग्यातली सगळ्यात कामाची पोस्ट त्यांची. ॲलर्जीची भीती आपण बाहेरून आणली, आणि घरच्या ओल्या बरणीकडे कुणी बघत नाही.

साखरझोप | २० जून, रात्री १०.२५

मधुमेहवाल्यांची बाजू मांडते. घोडबंदर रोडला राहते, दुसरं बाळ, सव्विसाव्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतलं, १४० किंवा जास्त आलं की गरोदरपणातला मधुमेह धरतात. माझं १६३.

आहारतज्ज्ञ बाईंनी सकाळ-संध्याकाळची बिस्किटं काढून त्या जागी दाणे किंवा बदाम दिले. साखर हळू चढते, पोट भरलेलं राहतं. पण "त्या जागी" हे महत्त्वाचं. मी आधी "त्याशिवाय आणखी" खात होते. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम, वीस-बावीस बदाम किंवा एक लहान वाटी दाणे, तेवढ्यातच पावणेदोनशे उष्मांकांच्या आसपास. गरोदरपणात दिवसाला जास्तीचे ३५० लागतात असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं म्हणणं आहे. दोन डिंकाच्या लाडवांत ते सहज संपतात.

चिक्की म्हणजे दाणे नव्हेत हेही कळलं. रडू आलं होतं. खारे पिस्ते, मसाला काजूही बंद केले, दाब वरच्या अंगाला होता म्हणून.

प्रथिनांच्या बाबतीत दाणे बदामाच्या पुढे आहेत हे ऐकून माझ्या सासूबाई हिरमुसल्या. शंभर ग्रॅमला दाणे पंचवीसच्या आसपास, बदाम एकवीस. फोलेटही दाण्यात जास्त. इ जीवनसत्त्वात बदाम पुढे, ते त्याला देऊन टाकू.

पाऊसवेडी | २१ जून, सकाळी ८.४०

आणि अक्रोडाने मेंदू? आई रोज विचारते.

आकडेमोड | २१ जून, सकाळी ९.१५

मेंदूसारखा दिसतो, हा मुख्य पुरावा. :-) गंमत सोडली तर स्पेनमध्ये दोन हजारांहून जास्त आयांच्या पाहणीत, पहिल्या तिमाहीत मेवा खाणाऱ्यांच्या मुलांचे गुण पुढे काही चाचण्यांत थोडे बरे आले, २०१९ मध्ये छापलंय. पण मेवा खाणारी बाई बाकीही काय काय नीट करत असते ते वेगळं काढणं कठीण. अक्रोडात ओमेगा-३ आहे खरं, पण बाळाच्या मेंदूला हवा असतो तो त्याचा डीएचए नावाचा प्रकार, आणि अक्रोडातल्या प्रकारापासून शरीर ते फार थोडं बनवतं.

काजूबोंड | २१ जून, सकाळी ९.४०

म्हणून बांगडा खा. मुशी-मोरी (शार्क) सोडून, त्यात पारा जास्त. मी हे कुठल्याही धाग्यावर लिहू शकतो.

वॉर्ड_नंबर_६ | २१ जून, दुपारी २.००

एक राहिलं, बाळ झाल्यानंतरचं. वर आकडेमोड यांनी लिहिलंय की बाळाला लवकर दाणे दिलेले बरे. ते सहा महिन्यांनंतर, आणि कुटून, पातळ करून, पेजेत मिसळून. बाळाला अंगभर इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. अख्खा दाणा पाच वर्षांच्या आत हातात द्यायचा नाही, आजोबांनासुद्धा सांगून ठेवा. श्वासनलिकेत अडकलेला दाणा काढायला दुर्बीण घालावी लागते. मी दोन पाहिलीत, तिसरं मला पाहायचं नाही.

आणि मॉलमधल्या मिक्स पाकिटात ब्राझील नट असेल तर एखादाच. त्यात सेलेनियम फार असतं. कडू बदाम लागला तर थुंकून टाका, गिळू नका.

पाऊसवेडी | २३ जून, रात्री ९.५५

सगळ्यांचे आभार. स्पष्टवक्ता, तुमचेही.

काल आईंना सिस्टरचं उत्तर वाचून दाखवलं, मानेच्या डागाचं. दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "ती बाई कुठे राहते? कोपरखैरण्याला म्हणजे तीन स्टेशनं." बहुतेक सिस्टर, तुमच्याकडे डबा येणार आहे.

आज सकाळी माझी डबी आईंनीच भरली. दाणे एकेक निवडून, भिंगाचा चष्मा लावून. बदाम सहा, मोजून. काजू तीन. डोंबिवलीच्या लाडवांत गोडंबी आहे का हे विचारायचा फोनही त्यांनीच केला, आणि त्यावरून दोघी विहिणी पाऊण तास बोलल्या. होती. लाडू आता नवरा खाणार आहे.

मसालागल्ली, या रविवारी मार्केटला यायचा विचार आहे, गाळ्याचा नंबर विपूत (माझ्या विचारपुशीच्या पानावर) द्याल का?

मसालागल्ली | २३ जून, रात्री १०.२०

रविवारी मार्केट बंद. शनिवारी या, सकाळी, ट्रकांची गर्दी व्हायच्या आत. आणि तुम्ही येऊ नका, नवऱ्याला पाठवा. रस्ता पावसात भयंकर घसरतो.

गवतीचहा | २४ जून, सकाळी ७.३०

अक्रोड फ्रीजमध्ये की फ्रीझरमध्ये?

मसालागल्ली | २४ जून, सकाळी ८.००

महिन्यात संपणार असतील तर खाली. नाहीतर वर, फ्रीझरमध्ये. काढल्यावर डबा लगेच उघडू नका, आत दव धरतं.